शिवणीची पेटी

लग्न ठरवताना सासऱ्यांनी एकच गोष्ट मागितली होती : मुलीची कपड्यांची पेटी सागवानी हवी. वडील हो म्हणून आले. निजामाच्या राज्यात परवान्याशिवाय साग घरात आणणं हा गुन्हा होता, आणि परवाना आमच्यासारख्यांच्या हाती लागत नसे. वडिलांनी बांधावरचं शिवणीचं झाड पाडलं. शिवणीच्या लाकडाला कोणी परवाना विचारत नसे.

गावच्या सुताराने पेटी आमच्याच अंगणात घडवली. शेजारी बसून मी डाळ निवडायची, म्हणून फरक शिकले. साग आडवा कापला की एकात एक कडी दिसतात आणि कड्यांच्या काठाने सुईने टोचल्यासारखी भोकं. हाताला तेलकट लागतो, रंधा मारला की चामड्यासारखा वास येतो. शिवण पिवळट, हलकी, त्या वासाची नव्हे. सुताराने तिला काताचं पाणी दिलं, वरून जवसाचं तेल चोळलं. बाहेरून सागवान झालं. आत पिवळंच राहिलं.

"आतून कोन बघायलंय, मालक?" तो म्हणाला.

लग्नाच्या दिवशी पेटी मांडवात मांडली. वडील येईल त्याला सांगत होते, "सागवान हाय." दुपारी, मुहूर्ताला थोडा वेळ असताना, जंगल खात्याचा नाकेदार दोन शिपाई घेऊन जिंतूरहून आला. त्याला कोणी कळवलं, ते कधीच समजलं नाही.

"सागवान है? परवाना दिखाव."

सासरे समोरच सतरंजीवर बसले होते. मी आतल्या दाराशी होते. सुतार वडिलांच्या कानाशी लागला. "मालक, मी रंधा आनतो. दोन हात मारले की पिवळं दिसतंय. सुटाल."

"गप ऱ्हा," वडील म्हणाले. मग नाकेदाराकडे वळून मोठ्याने, "सागवानच हाय, साहेब. परवाना न्हाई."

"फिर तुम भी चलो."

मी आईचा हात धरला. "आई, मी सांगते शिवण हाय म्हनून."

"नवरीनं तोंड उघडलं की वऱ्हाड माघारी जाईल. बस खाली." माझ्या मुंडावळ्या सारख्या करत तिने मला पाटावर दाबलं.

लुगडी बाहेर काढून पेटी रिकामी केली. नाकेदाराने आतल्या फळीवर नख ओढलं, पिवळी रेघ पाहिली आणि झाकण लावलं. रोज लाकूड बघणारा माणूस. त्याला काय कळलं नसेल? पण शिवण पकडून शाबासकी कोण देणार होतं?

पेटी उचलताना एक शिपाई म्हणालाच, "हल्की है रे!"

"चुप. उठाव."

पेटी बैलगाडीत गेली. नवं धोतर नेसलेले वडील गाडीमागून पायी. मुहूर्त थांबत नाही, म्हणून कन्यादान चुलत्याने केलं. वडील तिसऱ्या दिवशी सुटले, तोवर मी सासरी गेले होते.

पाठवणीच्या वेळी माझी लुगडी गाठोड्यात बांधलेली होती. सासऱ्यांनी ते गाठोडं पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "मन खट्टू करू नको, पोरी. अस्सल सागवान होतं, म्हनून तर नेलं."

वडिलांनी सागवानाचा जो शब्द एवढं देऊन खरा केला होता, तो मी मोडणार कशी?

"व्हय, मामंजी," मी म्हणाले.