लाईट येईपर्यंत थांबा

परवा भाचीने विचारलं, "मामा, हा बटनांचा जुना फोन अजून वापरण्यासारखा आहे का, की टाकून देऊ?" मी एकदम खेकसलो, "चालतोय ना? मग राहू दे की!" पोरगी बिचारी फोन घेऊन आत गेली. प्रश्न साधाच होता. पण चालती वस्तू जुनी झाली म्हणून टाकायची का, हा प्रश्न मी बाविसाव्या वर्षी एकदा सोडवला आहे, आणि इतका वाईट सोडवला आहे की अजूनही कुणी तो विषय काढला की माझं डोकं फिरतं. भाचीला हे सांगण्याची छाती झाली नाही, म्हणून लिहितो आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नगर जिल्ह्याच्या पूर्वेला, दिवाळी झाली की निम्मी गावं ऊस तोडायला निघून जातात अशा तालुक्यात आम्ही राहायचो. माझी आई तहसील कचेरीसमोर टायपिंग करायची. वडील गेल्यावर ती नगरला जाऊन मराठी टायपिंग शिकली आणि जुनं लोखंडी मशीन घेऊन कचेरीच्या कुंपणालगत बसली. टायपिस्टांच्या त्या रांगेत बाई ती एकटीच. सुरुवातीला लोक बघायला थांबायचे म्हणे. नंतर तिच्याकडेच कागद करायला थांबायला लागले.

याचं कारण तिची एक सवय. स्टॅम्पपेपरवर टाइप केलेलं खोडता येत नाही. खोडलं की शेजारी सही, पुन्हा शिक्का, कटकट. म्हणून ती मशीनला हात लावायच्या आधी समोरच्याला सगळं विचारून घ्यायची. नवरा काय करतो, पोरं किती, कुठं शिकतात, म्हातारी कुणाकडे असते. माणूस वैतागायचा. मग टाइप करून झालं की सगळा कागद मोठ्याने वाचून दाखवायची आणि म्हणायची, "पटलं का? पटलं आसंल तरच आंगठा द्या." वाचल्याशिवाय तिने कुणाचं बोट शाईत बुडवू दिलं नाही. एका कागदाला तिला पाऊण तास लागायचा.

मी नगरला कॉम्प्युटर शिकलो, तिथेच दोन वर्षं काम केलं. ते सेंटर बंद पडलं तेव्हा मालकाने एक कॉम्प्युटर आणि कर्कश आवाजाचा प्रिंटर मला दिला. कचेरीसमोरच एक गाळा मिळाला. दारावर मी लाल अक्षरांत 'येथे सर्व प्रकारची कामे कॉम्प्युटरवर करून मिळतील' असं रंगवून घेतलं. गंमत म्हणजे तेव्हाच्या मराठी फॉन्टची बटनं टाइपरायटरसारखीच असायची आणि ती बोटं मला आईनेच लहानपणी शिकवली होती. गिऱ्हाइकाला मात्र मी सांगायचो, नगरला कोर्स केलाय.

आईचं मशीन मी गाळ्यातल्या कोपऱ्यात ठेवू दिलं. उपकार केल्यासारखं. पण झालं भलतंच. लोक माझ्या दारातून आत यायचे, कॉम्प्युटरकडे जत्रेतल्या पाळण्याकडे बघावं तसं बघायचे आणि कागद करायला आईपुढे बसायचे. तिची खटखट दिवसभर चालायची. कोटवाले एक वकील एकदा हसून म्हणाले, "एका दुकानात आजोबा आणि नातू दोन्ही बसवलेत की!" ते निघून गेले, पण माझ्या मनातून ते वाक्य जाईना. मला लाज वाटायला लागली. मशीनची वाटायची की आईची, हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

आमचे वाद सुरू झाले. मी म्हणायचो, "ह्यात एकदा लिहून ठेवलं की झालं. फक्त नाव-गाव बदलायचं, दोन मिनिटांत कागद तयार."

ती म्हणायची, "आरं, मानसं बदलत्यात ना पर?"

"म्हणून तर नाव बदलायचं."

"आन् लाईट गेल्यावर?"

"लाईट येते की परत!" मी ओरडायचो. माझ्याकडे उत्तर नसलं की माझा आवाज चढतो, ती खोड अजून गेलेली नाही.

पुढे आई मावसबहिणीच्या मुलीच्या लग्नाला अकोल्याकडे गेली. तीन दिवस ती नव्हती. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याची हातगाडी कचेरीवरून चालली होती. मी त्याला हाक मारली. मशीन उचलायला दोघे लागले. गाडीवर फुटक्या बादल्या होत्या, त्यांच्यावर त्याने ते आडवं टाकलं. ते जाताना मी बघत उभा राहिलो आणि मला हलकं वाटलं, हे खोटं सांगत नाही.

आई आली, कोपऱ्याकडे बघितलं. "कुठं हाय?"

"दिलं."

"कुनाला?"

मी सांगितलं. तिने आरडाओरडा केला असता तर मीही केला असता आणि विषय संपला असता. ती एवढंच म्हणाली, "रिबीन नवी घातलीवती मी, जायच्या आदल्या दिशी." चार दिवस ती गाळ्यात येऊन स्टुलावर बसली. लोकांना काय काय विचारायची, मी मध्येच तोडायचो. पाचव्या दिवसापासून ती घरीच राहिली, रविवारी तेवढी विहारात जायची. मला वाटलं, चला, बरं झालं.

त्यानंतर महिनाभराने, दिवाळी सरताना, एक नवरा-बायको आले. बरोबर नऊ-दहा वर्षांची मुलगी. दोघंही तोडणीला जाणारे. घरी म्हातारं माणूस कुणी नाही, म्हणून मुलीला नगरजवळच्या एका वसतिगृहात ठेवायचं होतं. त्यासाठी बाईचं प्रतिज्ञापत्र हवं होतं: आम्ही दोघं ऊसतोडीला जातो, मागे सांभाळायला कुणी नाही. बाईंनी आधी आईची चौकशी केली, "त्या बाई न्हाईत का? मागं रेशनकार्डाचं त्यांनीच केलंतं." मी म्हणालो, "आता सगळं कॉम्प्युटरवर." मुलगी पडद्याकडे बघत होती. तिने विचारलं, "हे आपोआप लिव्हतं का?" मी खूश होऊन म्हणालो, "जवळजवळ!"

आदल्या आठवड्यात मी एका विधवा बाईंचा निराधार योजनेचा कागद केला होता. तोच उघडला. नाव बदललं, गाव बदललं, वय बदललं, शेवटचा परिच्छेद नवीन लिहिला. दोन मिनिटांत प्रिंटर कोकलायला लागला. वाचून दाखवला नाही. बाहेर अजून चार जण उभे होते. उलट मीच पढवून पाठवलं, "साहेब विचारतील, वाचून बघितलं का. तर व्हय म्हणायचं." बाईने अंगठा दिला, कचेरीत जाऊन व्हय म्हणाली, कागदावर शिक्का बसला.

दोन दिवसांनी दुपारी साडेतीनच्या सुमाराला तिघं पुन्हा दारात. या वेळी नवऱ्याच्या डोक्यावर पत्र्याची नवी पेटी होती. त्याने पेटी खाली ठेवली, कागद काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ह्यात मला मारून टाकलंय म्हनं."

मी वाचलं. तिसऱ्या ओळीत स्वच्छ छापलेलं होतं: 'माझे पती मयत असून माझ्याशिवाय कुटुंबात कमावते कोणी नाही.' त्या विधवा बाईंची ओळ. मी ती बदललीच नव्हती. वसतिगृहातल्या बाईंनी ती भरल्या रांगेत मोठ्याने वाचली होती आणि विचारलं होतं, हे शेजारी उभे आहेत ते कोण मग? रांग हसली होती. खोटा कागद घेता येत नाही, आज-उद्यात दुरुस्त करून आणा, असं सांगून त्यांनी परत पाठवलं होतं. पण यांचा ट्रक दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होता. मुकादम कुणासाठी थांबत नाही. कागद आज झाला तरच संध्याकाळच्या एस.टी.ने बाप पोरीला पोचवून येणार होता.

आता मी जे बोललो ते लिहितो. मी कागद टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "ताई, तुम्हीच काहीतरी सांगितलं असेल तसं. नीट सांगायला नको का?"

बाईंच्या कपाळावर एवढं मोठं कुंकू होतं. आपला नवरा मेला असं कोण सांगेल? तरी ती गोंधळली. नवऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माझ्याच तोंडून गेलं आसंल, दादा. मला कुठं वाचता येतंय. तुमी दुरुस्त करून द्या तेवढं."

दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली असती. पण दोन वाजल्यापासून लाईट नव्हती. भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणे चारला यायची. मी म्हणालो, "बसा. चारला येईल लाईट." चार वाजले, साडेचार वाजले. मुलगी पेटीवर बसून पाय हलवत होती. नवरा म्हणाला, "त्या झाडाखालच्या बाबाकडून घ्यावा का करून? त्यांचं हातावरचं मशीन हाय."

रस्त्याच्या पलीकडे, माझ्या डोळ्यांसमोर, तो म्हातारा टायपिस्ट रिकामा बसला होता. मी म्हणालो, "त्याच्याकडं चुका होतात, भाऊ. लाईट येईलच."

असं म्हणताना माझी जीभ अडखळली नाही. घर दहा मिनिटांवर होतं. आईला बोलावलं असतं तर तिने पेनाने सुवाच्य अक्षरात कागद लिहून दिला असता. हाताने लिहिलेलाही चालतो, हे मला पक्कं माहीत होतं. पण आई आली असती तर तिने आधीचा कागद मागितला असता. आणि म्हाताऱ्याकडे पाठवलं असतं तर त्यानेही ती ओळ वाचली असती आणि दुसऱ्या दिवशी टायपिस्टांच्या सगळ्या रांगेत झालं असतं की टायपिंगवाल्या बाईच्या पोराने जिता नवरा मारला. माझी एवढी अब्रू वाचावी म्हणून मी त्या तिघांना बसवून ठेवलं. चहा पाजला. मुलीला बिस्किटं आणली. बाहेर जाऊन उगाच तारांकडे बघून आलो.

पावणेसहाला कचेरीचं दार लागलं. साहेबांची जीप निघून गेली. सहाला पाच कमी असताना पंखा फिरायला लागला.

मी कागद छापला. अगदी बरोबर कागद. पण त्यावर शिक्का मारायला आत कुणी नव्हतं. नवऱ्याने तो घडी करून खिशात ठेवला, उगाच. मी पैसे घेतले नाहीत, हेही सांगतो, कारण तेव्हा मला त्याने बरं वाटलं होतं. त्याने पेटी परत डोक्यावर घेतली. मुलीने विचारलं, "आता कधी जायचं मग?" तिची आई म्हणाली, "चल, ट्रकात बसायला मिळंल तुला." तिघं स्टँडकडे गेली.

मी घरी गेलो. आईने विचारलं, "आज उशीर?" मी म्हणालो, "लाईट नव्हती." तिने ताट वाढलं. जेवण गेलं नाही मला. पण झोप लागली, तीही चांगली.

पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता ती बाई गाळ्यात आली. एकटीच, कसल्याशा दाखल्यासाठी. आई त्याच वेळी माझा डबा घेऊन आली होती. दोघींनी एकमेकींना ओळखलं. आईने सवयीने विचारायला सुरुवात केली, नवरा बरा का, पाऊस कसा झाला. मी पडद्यावरून मान वर केली नाही.

"पोरगी आता कितवीत?"

"न्हाई जात आता शाळंला. सबंध हंगाम कोयत्यावरच हुती आमच्यासंगं, ऊस तोडाय. मोळी बांधाय शिकली, लई चलाख हाय. मुकादम म्हनतो, दोन वर्सांत पुरं मानूस व्हईल." बाईंच्या बोलण्यात थोडा अभिमानही होता.

"आगं पन का? रेशनकार्डाच्या येळी वसतिगृहाचं बोललीवतीस की तू."

माझी बोटं बटनांवरच थांबली. मला वाटलं, आता सगळं बाहेर पडणार. आणि खरं सांगतो, पडावं असंही वाटलं. ती बोलली असती तर मी कबूल झालो असतो. स्वतःहून तोंड उघडण्याची ताकद नव्हती, पण मान खाली घालण्याची होती.

बाई म्हणाली, "ती माझीच चूक, बाई. सांगताना मी उलटं सांगितलं आन् कागद मागं फिरला. पर तुमच्या लेकानं लई केलं आमच्यासाटी. कचेरी बंद व्हवोस्तर बसून ऱ्हायला. पोरीला खायला आनलं, पैसं बी घेतलं न्हाईत. आसं कोन करतं आजकाल?"

आईने माझ्याकडे बघितलं. मशीन गेल्यापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. ती खुर्चीमागे आली आणि तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मी बाईंकडे बघून म्हणालो, "असू द्या ताई. त्यात काय एवढं."