मीटरला कुंकू

दसऱ्याला मी कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लावलं, आणि त्या भरात गॅस तपासायच्या मीटरलाही लावलं. पूर्ण्याला आमचा थिनरचा कारखाना, मी तिथला स्टोअरकीपर. अगरबत्ती गेटबाहेर लावली, तेवढी अक्कल शाबूत होती. पण हा मुठीएवढा मीटर फारच बिनशृंगाराचा दिसला. त्याच्या तोंडावरची गोल जाळी कपाळ समजून मी ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट टेकवलं.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या टाकीत उतरून व्हॉल्व्ह बदलायचा होता. उतरणार होता आमचा दिघाशी गावचा फिटर. माल घेऊन टँकर दारात उभा, मालकांचे फोनवर फोन. मी मीटर दोरीने टाकीत सोडला. आकडा शून्य.

"चल, उतर," मी म्हणालो.

"थांब!" मागून आमच्या सेफ्टीच्या मॅडम आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. "काका, मीटरची सकाळची टेस्ट झाली?"

"शून्य दाखवतोय की."

"गॅस नसला तरी शून्य, मीटर बंद पडला तरी शून्य. कुठलं शून्य आहे हे?"

त्यांनी मीटर बाहेर नेला आणि छोट्या बाटलीतून त्याला थोडा गॅस हुंगवला. धड मीटर असता तर असा ओरडला असता की गेटवरचा वॉचमन दचकला असता. हा गप्प. मॅडमनी जाळी नखाने खरवडली. नख लाल झालं.

"हे काय?"

"कुंकू," मी म्हणालो.

"काका, मीटरचा लगीन लावलाव काय?" फिटर हसला. "मॅडम, दोन मिन्टांचा काम हाय. वास बी येत न्हाय."

"इतकी वर्षं थिनर हुंगून तुझ्या नाकाचं काय राहिलंय? शिडीवरून पाय काढ."

मग ऑफिसात जाऊन मालकांना म्हणाल्या, "साहेब, टँकर थांबेल." पुढे एक शब्द नाही. मी असतो तर आधी चार वेळा सॉरी म्हणालो असतो.

कपाटातला दुसरा मीटर पूजेतून वाचला होता. बाटली दाखवताच तो ओरडला. टाकीत सोडला तर थांबेचना. फिटरचं हसू गेलं. तो शिडीपासून लांब जाऊन बसला.

दुपारपर्यंत ब्लोअर चालवला. मग मीटर गप्प झाला, तर या बाईंनी त्याला पुन्हा बाटली हुंगवली, गप्प बसलाय तो खरा की खोटा हे बघायला! मग पट्टा बांधून फिटरला उतरवलं आणि तो वर येईपर्यंत स्वतः टाकीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. ऊन डोक्यावर, टँकरवाल्याच्या शिव्या कानावर; नजर मात्र खाली.

रात्री जेवताना मी हे सगळं रंगवून सांगितलं, लग्नाच्या विनोदासकट. बायको हसली नाही.

"रविवारी त्या मुलीला जेवायला बोलवा," ती म्हणाली. "फिटरलाही बोलवा, त्याच्या बायकोला घेऊन. फक्त त्याच्या बायकोसमोर ही गोष्ट मजेत सांगायला बसू नका."