आईच्या मापाचं टेबल

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत इस्त्रीचं दुकान आहे. इस्त्री वहिनी करते, घड्या मी घालते आणि कपडे पोचवायला दादा जातो, म्हणजे गप्पा मारायला जातो. दुकान उभं केलं ते आईनं. आता ती दाराशी खुर्ची टाकून बसते आणि कॉलरवर सुरकुती राहिली की तिथूनच ओरडते. नजर अजून शाबूत आहे, जिभेचं तर विचारूच नका.

वहिनी उंच. लग्नात दादाच्या मित्रांनी तिला शिडी म्हटलं आणि ते नाव चिकटलं. ही शिडी कधी तक्रार करत नाही, हाच तिचा मोठा दोष. कंबर दुखायला लागली तेव्हा तिनं ते दुखणं चांगलं वर्षभर अंगावर काढलं. लॉजच्या चादरी आल्या की संपेपर्यंत तिचा जीव मेटाकुटीला यायचा, मग ती भिंतीला हात टेकून डोळे मिटून उभी राहायची. फुकटच्या सल्ल्यांना तर ऊत आला. कुणी म्हणालं पट्टा बांध, कुणी म्हणालं फळीवर झोप. दादानं तिला आठवडाभर अंथरुणातून उठूच दिलं नाही, तर ती आणखीच आखडली. आई म्हणायची, "मी याच टेबलावर जन्म काढला. माझी नाही दुखली कंबर."

वहिनीला एकच धास्ती होती. आता ऑपरेशन होणार आणि इस्त्री कायमची सुटणार. इस्त्री सुटली म्हणजे दुकान बुडालं, कारण ती जड इस्त्री मला झेपत नाही आणि दादाला ती कुठल्या बाजूनं धरायची हेही ठाऊक नाही.

शेवटी मीच तिला ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिचे पाय उचलून पाहिले, मुंग्या येतात का, पायातलं बळ गेलंय का विचारलं आणि सांगितलं, की ऑपरेशनचं काही कारण नाही, पाठ थकली आहे, झोपून राहू नका, चालत्या राहा. वहिनी बाहेरच्या बाकावर बसली आणि रडायलाच लागली. मी घाबरले, तर म्हणाली, "अगं, सुटले म्हणून रडतेय." माझ्याही जिवात जीव आला.

डॉक्टरांनी व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईंकडे पाठवलं. गुडघे पोटाशी घेणं, कंबर हळूहळू उचलणं असं सगळं शिकवून झाल्यावर बाई म्हणाल्या, काम कसं करता ते दाखवा. वहिनी तिथल्याच खाटेवर हात फिरवून दाखवू लागली. ती खाट बटणानं वरखाली व्हायची. बाई ती थोडी थोडी वर घेत गेल्या आणि वहिनी मध्येच थांबली. म्हणाली, इथं ओढ बसत नाही. बाईंनी विचारलं, घरचं टेबल केवढं? वहिनीनं मांडीला हात लावून दाखवला. काखेत कळसा नि गावाला वळसा!

पण ते टेबल आईचं. आई बुटकी, म्हणून बाबांनी तिच्या मापानं स्वतःच्या हातानं केलेलं. बाबा गेल्यापासून त्यात खिळा ठोकायची कुणाची छाती नव्हती. वहिनीनं मला शपथ घातली, आईंना सांगायचं नाही, व्यायामानं भागेल. भागलंही बरंचसं. पण चादरींच्या दिवशी पुन्हा भिंत आलीच. मग मी शपथ मोडली. असल्या गोष्टी माझ्या पोटात राहत नाहीत. आईनं ऐकून घेतलं आणि पुन्हा कॉलरींकडे बघत बसली. वहिनीला कळलं तेव्हा तिनं माझ्याशी अबोला धरला.

दुसऱ्या दिवशी वहिनी सकाळी चालून परतली, तर सुतार टेबल उलटं करून त्याच्या पायांना ठोकळे जोडत होता आणि आई त्याला झापत होती. टेबल सरळ झालं तेव्हा आई उठून जवळ गेली. कड तिच्या छातीशी आली. ती जरा वेळ कडेवरून हात फिरवत उभी राहिली.

"ह्यांनी माझी उंची मोजून केलं होतं," आई म्हणाली. "तुझी मोजायचं कुणाला सुचलंच नाही. ये, उभी राहा बघू."

वहिनी उभी राहिली, ताठ. तिनं चादर पसरली. खुर्चीवरून आईला आता टेबलावरचं काही म्हणता काही दिसत नव्हतं, तरी कोपऱ्यात सुरकुती राहिली असं ती म्हणालीच. सगळ्या चादरी संपल्या. मी भिंतीकडे बघत होते. वहिनी तिकडे गेलीच नाही, सरळ आत चहा टाकायला गेली.