ब्रेकमधली चार घड्याळं

आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. दर बैठकीत ‘पण असं झालं तर?’ विचारणाऱ्या आमच्या इंजिनीअर बाईला ऑफिसनं त्यावरूनच आत्याबाई हे नाव दिलं. नकोशी भेटवस्तू ठेवतात तसं, तिनं ते न उघडता बाजूला ठेवलं.

काम गाडीच्या ब्रेकसाठी लागणाऱ्या चिपचं होतं. एका चिपवर चार विभाग, प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. मुख्य घड्याळ अधूनमधून ठोका देणार, बाकीची त्यावर स्वतःला जुळवणार. ती जुळली नाहीत, तर ब्रेक आधी दाबला की चाक आधी घसरलं, हे चिपला कळत नाही. आणि अशा बाबतीत मागाहून चर्चा करून उपयोग नसतो.

सगळ्या चाचण्या पास होत्या. शुक्रवारी आराखडा कारखान्यात जायचा होता. चिप एकदा कोरली की दुरुस्ती नाही. अडलं होतं आत्याबाईच्या होकारावर.

“चाचणीत आपण चारही घड्याळं एकदम शून्यावर सुरू करतो,” ती म्हणाली. “गाडीत एखादा विभाग झोपला आणि मागाहून उठला तर?”

“अहो, पाहुणे पानावर बसले,” साहेब म्हणाले, “आणि तुम्ही आता तांदूळ निवडायला घेताय!”

“घेतेच. खडा लागला तर दात त्यांचे पडतील.”

तिनं विभाग पाळीपाळीनं झोपवायला आणि उठवायला सुरुवात केली. संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला.

“कधी निघतेस?”

“चूक सापडली की.”

“आणि नसलीच तर?”

संसार जुना झाल्याची खूण दुसरी काय असते!

चूक होती. उठलेल्या एका विभागाचं घड्याळ थोडं पुढे धावलं, आणि ठोका येताच त्यानं काटे सरळ मागे घेतले. त्यामुळे आधी दाबलेला ब्रेक नंतर दाबल्याची नोंद झाली. जुळवणीची ती रचना आत्याबाईनंच केलेली होती.

“म्हणजे खडा तुमचाच!” साहेबांचा चेहरा कित्येक दिवसांनी खुलला.

“माझाच. होकार नाही.”

“कारखान्याला काय सांगू?”

“माझं नाव सांगा.”

साहेबांनी ते आवर्जून सांगितलं. शुक्रवार गेला. आत्याबाईनं रचना बदलली: मागे यायचं कुणीच नाही, पुढे गेलेल्यानं चाल मंद करायची, मागे राहिलेल्यानं पाय उचलायचे. मग पुन्हा सगळ्यांना झोपवलं, हवं तसं उठवलं. क्रम एकदाही उलटला नाही.

मगच ती साहेबांच्या दारात जाऊन म्हणाली, “आता पाठवा.”