मी भरलेला अर्ज

माझ्या धाकट्या भावाच्या आजाराचे नाव मला तुरुंगाच्या भेटकक्षाबाहेरच्या बाकावर कळले. सुटकेच्या वाटेवर असलेल्या कैद्यांसाठी काम करणाऱ्या नफीसाजी नावाच्या समाजसेविका तिथे दर मंगळवारी येत. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांचा कागद माझ्यापुढे धरला, एका ओळीखाली बोट ठेवले आणि वाचले, “ओपिऑइड डिपेंडन्स.” मग विचारले, “घर में आप लोग इसे क्या कहते थे, दीदी?”

घरी आम्ही ‘मिलिंदचं ते’ म्हणत असू. आई होती तोवर तेवढेही म्हणत नसू.

ओपिऑइड डिपेंडन्स म्हणजे अफूच्या जातीच्या पदार्थांवर शरीर आणि मन अवलंबून असणे. मिलिंदच्या बाबतीत तो पदार्थ स्मॅक, म्हणजे भेसळीचे हेरॉइन, होता. फरीदाबादच्या कारखान्यात त्याच्या पाठीला मार लागला, वेदनाशामक गोळ्या सुरू झाल्या, त्या सुटल्या नाहीत, आणि पुढे गोळ्यांच्या जागी चांदीच्या कागदावर जाळायची भुकटी आली. चोरीच्या मोटारसायकलवर तो पकडला गेला तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता.

मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली. इतरांनी लिहिलेले जपून ठेवणे हेच माझे काम होते; स्वतःहून काही लिहिण्याचा हा पहिलाच प्रसंग, आणि तो साठीनंतर यावा याचा संकोच वाटतो. तरीही लिहिते आहे, कारण तसाच कागद हातात घेऊन तशाच बाकावर आजही कोणीतरी बसलेले असेल.

अकरा महिने मिलिंदने तुरुंगात काहीही घेतले नव्हते. मला ती आनंदाची बातमी वाटली. नफीसाजींना वाटली नाही.

त्यांनी मला ‘टॉलरन्स’ समजावून सांगितला. टॉलरन्स म्हणजे शरीराला झालेली सवय. रोज घेणाऱ्याचे शरीर मोठी मात्रा सोसते. काही काळ न घेतल्यास शरीर ती सवय विसरते. मन मात्र जुनी मात्रा विसरत नाही. असा माणूस बाहेर येतो, जुन्या ठिकाणी जातो, पूर्वीइतकेच घेतो, आणि त्याचा श्वास थांबतो. सुटकेनंतरचे पहिले दिवस म्हणूनच सर्वांत धोक्याचे असतात.

“गेट से सीधे सेंटर,” त्या म्हणाल्या. “बीच में कुछ नहीं. घर भी नहीं. चाय पीनी है तो गाड़ी में.”

फरीदाबादच्या बाजूला असलेल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात त्यांनी खाट मिळवून दिली. ती सुटकेच्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंतच राखून ठेवली जाणार होती. प्रवेशाचा अर्ज त्यांनी मला आठवडाभर आधी आणून दिला, तो ‘देखने के लिए’. मी तो पाहिला आणि भरला.

मिलिंदचे सगळे अर्ज मीच भरत आले आहे. दहावीचा, आयटीआयचा, गॅस जोडणीचा, नोकरीचे तर कितीतरी. त्याचे अक्षर वाईट आणि माझे चांगले, एवढेच कारण पुरेसे होते. त्या दुपारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून, आधी पेन्सिलीने आणि मग शाईने, मी चारही पाने पूर्ण केली.

‘पूर्वी उपचार घेतले आहेत का?’ या प्रश्नापाशी मी थांबले. दोन वर्षांपूर्वी मिलिंद गाझियाबादच्या एका केंद्रातून नवव्या दिवशी पळून आला होता. तसे लिहिले तर खाट मिळणार नाही अशी भीती वाटली. लाजही वाटली. मी ‘नाही’ असे लिहिले. त्याखालचा प्रश्न होता, ‘ओव्हरडोस, म्हणजे अतिमात्रेमुळे बेशुद्धी, कधी झाली आहे का?’ तिथेही मी ‘नाही’ लिहिले, आणि ते अगदी निर्धास्तपणे लिहिले.

सुटकेच्या दिवशी मी दुपारी बारापासून तुरुंगाच्या फाटकासमोर टॅक्सी थांबवून बसले होते. एक वाजला, दोन वाजले, तीन वाजले. प्रत्येक वेळी फाटकातले छोटे दार उघडे आणि दुसऱ्याच कोणाचा तरी माणूस बाहेर येई. समोर पानाच्या टपरीपाशी दोन तरुण उभे होते. ते मिलिंदसाठीच आले आहेत अशी माझी खात्री झाली. पुढे ते एका म्हाताऱ्या गृहस्थांना मिठी मारून घेऊन गेले. मला स्वतःचीच शरम वाटली, पण टपरीकडे पाहणे काही मी थांबवले नाही.

मिलिंद पावणेपाचला आला. हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि शर्ट दोन मापांनी मोठा झाला होता. टॅक्सीत बसल्यावर त्याने माझ्या मांडीवरचा अर्ज पाहिला.

“अरे वा! फॉर्म की लग्नपत्रिका?”

मी हसले. तो मात्र हसला नाही. खिडकीबाहेर पाहत तो म्हणाला, “ताई, एकदा घरी चल ना यार. आंघोळ करतो, वरण-भात खातो, तुझ्या त्या खुर्चीत बसून टीव्ही बघतो. सकाळी उठून जाऊ. बिल्कुल पक्का.”

त्याच्या बोलण्यात कपट नव्हते. अकरा महिन्यांनी सुटलेल्या माणसाला घरी जावेसे वाटणे यात चूक काय, असे मलाही वाटले. मी आजवर त्याला कशालाही नाही म्हटलेले नव्हते. खरे तर कोणालाच म्हटलेले नव्हते. मी गप्प बसले आणि माझे गप्प बसणे म्हणजे होकार, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते.

आमचे घर गाझियाबादला. दिल्लीतला आश्रम चौक, जिथून दोन्हीकडच्या वाटा फुटतात, जवळ आला तसे ड्रायव्हरने आरशातून विचारले, “मैडम, गाज़ियाबाद या फ़रीदाबाद?”

“फ़रीदाबाद,” मी म्हणाले.

“क्या?” त्याला ऐकू गेले नव्हते. मला ते पुन्हा, मोठ्याने म्हणावे लागले.

मिलिंदने हातातली पिशवी पायाशी ठेवली. मग म्हणाला, “वरण-भात तरी आणलास का?”

मी डबा आणला होता. मथुरा रोडच्या गर्दीत, मांडीवर डबा धरून, तो हाताने जेवला. मी घड्याळ पाहत होते.

आम्ही केंद्रात पोहोचलो तेव्हा सहा वाजून वीस मिनिटे झाली होती. लघवीची तपासणी झाली, रक्तदाब पाहिला, रक्त घेतले. मग डॉक्टर मॅडमनी अर्ज हातात घेतला. पहिले पान उलटण्याआधीच त्यांनी वर पाहिले.

“ये किसने भरा है?”

मी हात वर केला, शाळकरी मुलीसारखा.

“बहुत सुंदर है. पर भर्ती आपको नहीं होना है.” त्यांनी कपाटातून कोरा अर्ज काढून मिलिंदपुढे ठेवला. “ख़ुद लिखिए. जैसा आता है, वैसा. आपकी मर्ज़ी के बिना मैं आपको रखूँगी नहीं.”

“माझे सगळे फॉर्म तूच भरतेस,” मिलिंद मला म्हणाला, मराठीत, आणि अर्ज घेऊन बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसला.

त्या पायऱ्यांपुढे फाटक होते आणि ते उघडे होते. सही होईपर्यंत त्याला कोणी अडवू शकत नव्हते. फाटकाबाहेर रस्ता होता, ऑटो उभ्या होत्या. मी उठले.

“बैठिए,” डॉक्टर म्हणाल्या. “आप जाएँगी तो फिर आपसे ही लिखवाएगा.”

मी बसले. खोलीच्या दारातून मला त्याची फक्त एक चप्पल दिसत होती, डावी. मी त्या चपलेकडे पाहत राहिले. सहा चाळीस. सहा पंचेचाळीस. आपल्या माणसासाठी काहीही न करता बसून राहणे हे त्या संपूर्ण आजारपणातले सर्वांत कठीण काम होते, आणि त्याची मला कोणी पूर्वकल्पना दिली नव्हती. म्हणून तुम्हाला देते.

सहा पन्नासला चप्पल दिसेनाशी झाली.

मी डॉक्टरांकडे पाहिले. त्यांनीही पाहिले होते. त्या उठल्या नाहीत, पण हातातला कागद त्यांनी खाली ठेवला. बाहेर एक ऑटो सुरू झाल्याचा आवाज आला आणि दूर गेला. नुसते फरीदाबाद म्हणून भागणार नव्हते, त्याचा हातही धरून ठेवायला हवा होता, असे काहीतरी मनात येत राहिले.

मग मिलिंद दारात आला. “बाहेर अंधार पडला, दिव्याखाली उभा होतो. पेन संपलं. दुसरं दे ना, ताई.”

मी दिले. तो माझ्याच शेजारी बसून उरलेले लिहू लागला. मी जाणीवपूर्वक दुसरीकडे पाहिले. सही करून त्याने अर्ज डॉक्टरांना दिला नाही, माझ्यापुढे धरला. “आधी तू वाच.”

पूर्वीच्या उपचारांपुढे त्याने लिहिले होते: ‘हाँ. नौवें दिन भाग गया.’ ओव्हरडोसपुढे लिहिले होते: ‘एक बार. भागने के तीसरे दिन. दोस्त अस्पताल ले गए, सुई लगी तब साँस आई. दीदी को नहीं पता.’

मला तो आठवडा आठवला. बाहेरचे खाऊन विषबाधा झाली असे त्याने सांगितले होते. मी त्याला पाच दिवस पेज आणि मुगाची खिचडी दिली होती, आणि छोले-भटुरे खाल्ल्याबद्दल रागावले होते.

डॉक्टरांनी दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले. “जिसकी साँस एक बार रुक चुकी है, उसका ख़तरा दूसरों से ज़्यादा होता है. इन्हें मैं नर्स के सामने वाली खाट दूँगी. आपका वाला पढ़ती, तो पीछे वाले कमरे में भेजती.” त्या रागावल्या नव्हत्या. तरी ते वाक्य मला अजून झोपू देत नाही.

सात वाजून दहा मिनिटांनी मिलिंद आत गेला. खाट राखलेली होती.

यकृताची तपासणी ठीक आल्यावर आणि लघवीत काही न सापडल्यावर त्याला नालट्रेक्सोन सुरू झाले. हे औषध मेंदूतल्या ज्या जागी स्मॅक जाऊन बसते ती जागा आधीच अडवून ठेवते. शरीरात अफूच्या जातीचे काही शिल्लक असताना ते दिले, तर त्रास भयंकर होतो. म्हणून डॉक्टरांना खरे सांगणे हा उपचाराचाच भाग आहे. चौथ्या दिवशी मिलिंदने फोनवर, आपण निघून येणार असे सांगितले. अकराव्या दिवशी पुन्हा सांगितले. तो आला नाही.

चार महिन्यांनी तो घरी आला. बरा झाला असे मी लिहिणार नाही; डॉक्टरही तो शब्द वापरत नाहीत. औषध चालू आहे. ते सोडले तर शरीराची सवय गेलेलीच असेल आणि तोच धोका पुन्हा उभा राहील, हे आम्हा दोघांना माहीत आहे. बाथरूमचे दार जास्त वेळ बंद राहिले की मी पॅसेजमध्ये जाऊन उभी राहते. “ताई, जिवंत आहे. दाढी करतोय,” असे आतून ऐकू येते. मी काही न बोलता परत येते.

दर गुरुवारी आम्ही केंद्रात तपासणीला जातो. नफीसाजींचे आणि त्या डॉक्टरांचे आभार मला अजून तोंडाने मानता आलेले नाहीत. ते इथे मानते.

गेल्या गुरुवारी प्रतीक्षागृहात माझ्याशेजारी एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या पलीकडे त्यांचा नवरा, पायाशी तशीच प्लास्टिकची पिशवी. बाई मांडीवर अर्ज घेऊन भराभर लिहीत होत्या. मला अनोळखी माणसांशी बोलता येत नाही. पहिले पान संपेपर्यंत मी गप्प होते. दुसऱ्या पानावरच्या एका प्रश्नापाशी त्यांचे पेन थांबले. कोणत्या, ते मला न पाहताच कळले.

“इनको लिखने दीजिए,” मी म्हणाले.

“आपको क्या मतलब?” त्या तडकून म्हणाल्या.

“मैंने भी भरा था,” मी म्हणाले. “बहुत अच्छी लिखावट में.”

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी पेन नवऱ्याकडे दिले. त्याने ते नुसतेच धरून ठेवले, लिहायला काही सुरुवात केली नाही. त्या अर्ज परत ओढून घेण्यासाठी पुढे झुकल्या, तेव्हा मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि आम्ही दोघी बसून राहिलो.