माझं शहर संकटात आहे, लगेच ये

पहिल्या दहा मिनिटांत मी एक बस उचलून फेकली, एक पूल पाडला आणि पंधरा-वीस जणांची हाडं मोडली. रविवारची दुपार होती, मटण-भात झालेला, आणि मी कोपरच्या घरी सोफ्यावर आडवा पडलेलो. बायको म्हणाली, घोरताय त्यापेक्षा हे बरं. सुपरहिरोंचा गेम होता, फुकटचा. आता पन्नाशीला आलेल्या माणसाने हे खेळावं का? पण मी तो हौसेने घेतलाच नव्हता.

सकाळी धाकट्या भावाच्या नंबरवरून मेसेज आलेला. तीन वर्षांनी. "माझं शहर संकटात आहे. लगेच ये." खाली निळी लिंक. तो ठाण्याला कोलशेतच्या आमच्या जुन्या घरी राहतो. संकट म्हणजे काय? आजारी आहे, का कोणी मारलं त्याला? त्याला मारायचा हक्क माझा, दुसऱ्या कोणाचा नाही. चपला घालून जिन्यापर्यंत गेलेलो, तेवढ्यात बायकोने चष्मा लावून पुन्हा वाचलं आणि म्हणाली, अहो, गेम आहे हा, परत या. मी परत आलो, जेवण झाल्यावर लिंक दाबली. म्हटलं, चला, सरळ बोलायची लाज वाटली असेल, पण शेवटी नमला. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

हिरो निवडायचा होता. एक उडणारा, एक आग ओकणारी, एक दगडी मुठींचा. मी दगडी मुठीवाला घेतला. आमच्या घराण्यात माझी ओळख तीच आहे, पहिला हात, मग बोलणं. गेम भारी होता, नाकारत नाही. ठोसा बसला की फोन हातात थरथरायचा आणि मार खाणाऱ्याच्या डोक्यावर लाल आकडे उडायचे. दर दोन मिनिटांनी नवा पोशाख घ्या, नवा पट्टा घ्या म्हणून दुकान उघडायचं, ते मी शिव्या घालून बंद करायचो. एकच गोष्ट खटकली. मेलेला माणूस तीन सेकंदांत जमिनीत विरून जायचा. ना सुतक, ना दहावा. आमच्याकडे कुठे एवढं सोपं असतं.

बाबांच्या दहाव्याला कोलशेतच्या खाडीवर आम्ही सगळे पिंड ठेवून उभे होतो. समोर तिवरांवर कावळे बसलेले, पण एक शिवेल तर शपथ. ऊन चढलं. काकांनी सगळं कबूल करून पाहिलं, बाबांची गाय सांभाळू, देवीला जाऊ. कावळे ढिम्म. मग काका मला म्हणाले, थोरला आहेस, म्हण की धाकट्याला अंतर देणार नाही. बाबांचा जीव त्याच्यात अडकलाय. मी हात जोडले, तोंड उघडणार एवढ्यात धाकटा म्हणाला, "हा काय सांभाळणार? बाबा दोन महिने अंथरुणावर होते, हा एकदा तरी आला?"

खरं होतं. म्हणूनच लागलं. माझ्या हातात पाण्याचा पितळी तांब्या होता, तो मी त्याच्या तोंडावर हाणला. त्याने उजवा हात आडवा धरला. कडकन आवाज आला. तो खाली पडला तरी मी थांबलो नाही, छातीवर बसून मारत राहिलो. चौघांनी मला ओढून काढलं तेव्हा माझ्या शर्टावर त्याच्या नाकातलं रक्त होतं. मागे वळून बघतो तर पिंडाला चोच लागलेली. कावळा कधी आला, कशावर शिवला, कोणालाच कळलं नाही. सगळे आमच्याकडे बघत होते. ते वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. त्या दिवसापासून आम्ही बोललो नव्हतो.

तर गेममध्ये त्याचं नाव माझ्या शेजारी उजळलं आणि फोनमधून त्याचा आवाज आला. "दादा? तू कसा आलास?"

मी म्हटलं, तूच बोलावलंस ना. तो म्हणाला की तो मेसेज त्याने फोनमधल्या सगळ्यांना पाठवलेला, दूधवाल्यालासुद्धा, कारण दहा जणांना बोलावलं की काळा झगा फुकट मिळतो. म्हणजे मी नमलो, तो नाही! मस्तकात तिडीक गेली. फोन बंदच करणार होतो, पण तेवढ्यात समोरची इमारत फोडून लोखंडी हातांचा राक्षस बाहेर आला.

आम्ही दोघं त्याच्यावर तुटून पडलो. मी ठोसे घालत होतो, धाकटा वीज सोडत होता. राक्षस मारायला हात उचलायचा तेव्हा जमिनीवर लाल गोल दिसायचा, की लगेच उजव्या अंगठ्याने बटण दाबून बाजूला उडी मारायची. एवढं सोपं. आणि हा पठ्ठ्या दर वेळी गोलात उभा. चिरडला, मी उठवला. पुन्हा चिरडला, पुन्हा उठवला. चौथ्यांदा माझा तोल गेला. अरे आंधळा आहेस का, म्हटलं, उडी मारायला काय मुहूर्त बघतोयस?

"अंगठा वाकत नाही ना, दादा."

मी विचारलं, कुठला. माहीत होतं तरी विचारलं.

"उजवा. सळई आहे आत."

त्याने हे टोमणा म्हणून सांगितलं नाही. गाडी उशिरा आहे हे सांगावं तसं सांगितलं. आणि माझे दोन्ही अंगठे, धडधाकट, काचेवर तसेच राहिले. माझ्या पायाखाली लाल गोल आला, मोठा झाला, मी बघत राहिलो. लोखंडी हात खाली आला आणि माझा हिरो दगडांत गाडला गेला. वर आकडे सुरू झाले, दहा, नऊ, आठ. तेवढ्यात कोणी उठवलं नाही तर खेळ संपतो. धाकटा राक्षसाच्या पायांतून पळत माझ्याकडे आला, वाकला. उठवायला बटण दाबून धरावं लागतं. तो कुठल्या बोटाने दाबत होता कोणास ठाऊक, बोट सारखं निसटत होतं.

बायको समोर उभी होती, तरी मला रडू आलं. मी म्हटलं, "ऐक रे. तुला अंतर देणार नाही."

पलीकडून त्याचा श्वास ऐकू आला. चार, तीन.

"कावळा तेव्हाच शिवून गेला, दादा," तो म्हणाला. "तू आधी ऊठ."