हाकेमागचा गोटा

मला यंत्रांचा भारी सोस. आमच्या गावात मोबाइलवरून विहिरीवरची मोटार सुरू करणारी मी पहिली, आणि ती बंद करायची विसरून हरभऱ्याचं तळं करणारीही पहिलीच. नवरा मानोऱ्याला नोकरीला, शेत माझ्या एकटीच्या अंगावर. त्यामुळे जे काम बटणावर होईल ते बटणावर, असा माझा खाक्या. एका कामाबद्दल मात्र तो खाक्या आठवला की आजही मला माझीच लाज वाटते.

ते काम म्हणजे माकडांची राखण. हिवाळ्यात नाल्याकाठच्या कडुनिंबांवरून काळतोंड्या माकडांची टोळी उतरते आणि हरभऱ्याचे शेंडे, घाटे, हाताला लागेल ते ओरबाडते. त्यांना हाकलायला गावात एक मावशी होती. माझी सख्खी नव्हे, सगळ्या गावाचीच मावशी. साठी ओलांडलेली, काटक, कमरेला गोफण खोचलेली. बांधावर उभी राहून तिनं 'हाऽऽ होऽऽ' केलं की टोळी मुकाट नाल्यापार जायची. आमचं आणि शेजारची दोन अशी तीन शेतं ती एकटी राखायची. हिवाळ्यातलं हेच तिचं काम, आणि त्याच्या जोरावर ती लेकाच्या घरी ताठ मानेनं जेवायची. "माहं पोट माह्या घशावर हाय," असं ती सगळ्यांना सांगायची, सुनेला जरा जास्तच मोठ्यानं.

गेल्या हिवाळ्यात मी कृषी केंद्रातून भोंगा आणला. बॅटरीवर चालणारा, आत मेमरी कार्ड, त्यात वाघाची डरकाळी आणि कुत्र्यांचं भुंकणं. आमच्याकडच्या माकडांनी वाघ कुठे पाहिलाय? पहिल्या दिवशी ती झाडावर चढली, तिसऱ्या दिवशी भोंग्याच्या खांबाला टेकून शेंडे खुडायला लागली. मग मला अक्कल सुचली. माकडं मावशीला भितात ना, तर मावशीचाच आवाज भरू.

मावशी हसत हसत आली. मोबाइल तोंडासमोर धरल्यावर आधी लाजली, मग पदर खोचून अशा हाका दिल्या की गोठ्यातली गाय दावं ताणून उभी राहिली. दहा-बारा हाका झाल्यावर तिनं विचारलं, "झालं काय बाई? जाऊ मी आता?" मग जाता जाता थांबली. "पन गोटा कोन मारन?"

"गोटा कायले मावशी? तुह्या आवाजालेच भेतात ते."

"बरं," म्हणाली आणि गेली. त्या 'बरं'पाशी मी थांबायला हवं होतं. पण माझा हात तोवर बटणावर गेला होता.

पहिले पंधरा दिवस दृष्ट लागावी असे गेले. हाक झाली की टोळी पसार. आवाज भरताना शेवटचा तुकडा कापायचा मी आळस केला होता, त्यामुळे दर पाच मिनिटांनी शिवारभर "झालं काय बाई? जाऊ मी आता?" घुमायचं. गावाला आयतीच करमणूक झाली. पारावरून उठणारा जो तो "जाऊ मी आता?" म्हणायला लागला, मावशी समोर असली तरी. मीही हसले, खोटं कशाला बोलू. शेजारच्या दोघांनीही भोंगे आणून तोच आवाज मागितला, तर मी मोठ्या मनानं कार्डं भरून दिली. मावशीला कोणी येऊ नको म्हटलं नाही. बोलावलं नाही, एवढंच. कधीमधी ती नाल्याच्या वाटेवर उभी राहून स्वतःचा आवाज ऐकायची आणि परत फिरायची. मी लांबून हात हलवायचे.

संक्रांतीच्या सुमारास माकडांनी सगळं ओळखलं. हाका सुरू असताना ती भोंग्याखाली बसून निवांत घाटे सोलायला लागली. मी तडक मावशीच्या घरी गेले. ती ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती, सून आत होती.

"चाल मावशी, तुह्याबिगर होत नाई."

तिचा चेहरा असा खुलला की मला हायसं वाटलं. म्हणजे आपण काही फार वाईट केलेलं नाही, असं मी मनाशी म्हटलं. तिनं सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं "आली वं, शेतात चालली मी," म्हटलं आणि खुंटीवरची गोफण काढली.

बांधावर उभी राहून तिनं हाक दिली. एका थोराड माकडानं मान वर करून आधी भोंग्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि पुन्हा घाट्यांत हात घातला. तिनं परत हाक दिली, घसा फाटेस्तोवर. एकही जागचं हललं नाही. मग तिनं गोफण फिरवली. गोटा सुटला तशी माकडं चार पावलं सरकली, आणि तिथं खायला लागली. तिसऱ्या गोट्यानंतर मावशी खांदा धरून खाली बसली.

मग तिनं मला समजावून सांगितलं. चिडली असती तर बरं झालं असतं. "तीस साल झाले, एक हाक फुकट नाई देली. हाक मारली का मांगून गोटा. मंग ते हाकेलेच भ्याले. आता खांदा कायचा चालते बाई, हाकेवरच भागून राह्यलं व्हतं. तुह्या मशीननं दिवसभर हाका मारल्या, गोटा एक नाई."

नुसतं काम गेलं असतं तर ते मी परत दिलं असतं. मी तिचा धाकच संपवला होता, आणि कार्डं वाटून तीनही शेतांत संपवला होता. भोंगा त्याच दिवशी उतरवला, शेजाऱ्यांनाही उतरवायला लावला. तिला म्हटलं, नुसती येऊन बस, मजुरी तीच राहील. ती म्हणाली, "राखन होत नाई त मजुरी कायची?" आणि गोफण गुंडाळून घरी गेली. सुनेनं तिला काय विचारलं असेल, याचा विचार मी बरेच दिवस टाळला.

या हिवाळ्यात तिनंच निरोप धाडला. हाक माही, गोटा तुहा. तेव्हापासून मी रोज बांधावर तिच्या मागे उभी राहते. गोफण मला जमत नाही, पहिल्याच दिवशी गोटा मागच्या तुरीत गेला. मी हातानंच मारते. ती हाक देते, मी गोटा. शेजारच्या दोन शेतांतही जाते. नवरा म्हणतो, बटणवाली बाई गोट्यावर आली. म्हणू दे.

पण माकडं आमच्याहून शहाणी. ती हाकेला भ्यायला शिकली नाहीत, मला भ्यायला शिकली. मी असले तर पळतात. एखादा दिवस मी मानोऱ्याला गेले, की मावशी एकटी ओरडत राहते आणि ती खात राहतात. हाक आली की आधी बांधाकडे बघतात, मी उभी आहे का ते.

परवा माझ्या लक्षात आलं, हाक देण्याआधी मावशीही मागे वळून तेच बघते.